आत्याचं इंजिन आणि माझी पावडर

तेलाचा डबा माझ्या पायाला लागला की माझा पाय डब्याला, यावर मी अजूनही वाद घालू शकतो. पण डबा आडवा झाला, आणि आत्याने तासभर घासूनपुसून लख्ख केलेल्या इंजिनावर त्यातलं मधासारखं तेल सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं पसरत गेलं, यात वादाला जागा नाही.

आत्या इंजिनाच्या पलीकडे बसली होती. तिने तेलाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, मग माझ्याकडे.

"छान झालं," ती म्हणाली. "गळती सापडली. तुझ्या पायात आहे."

मी आपला सहज भेटायला गेलो होतो. इंजिन पुसलं होतं ते कशासाठी, हे मला डबा सांडल्यावर कळलं. महिनाभर आत्याच्या बोटीच्या इंजिनातून तेल गळत होतं, आणि ते नेमकं कुठून येतं हे बघायचं तर आधी सगळं कोरडं हवं. मी ते व्यवस्थित ओलं करून दिलं होतं. चोरी झालेल्या घरात पावलांचे ठसे शोधायला आलेल्या हवालदाराने आधी चिखलाच्या बुटांनी घरभर फिरून यावं, तसं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती बोट चालवते. नदीवरचा पूल फार लांब असल्यामुळे या काठावरचे कारकून, शाळेच्या बाई, दवाखान्यातल्या नर्सा आणि सायकल घेऊन येणारे पण त्या सायकलवर कधीच बसलेले न दिसणारे एक गृहस्थ, हे सगळे तिच्या बोटीतून पल्याड जातात. आतोबा होते तेव्हा ते बोट चालवायचे आणि आत्या तिकिटं फाडायची. ते गेले, आणि तिने चाक हातात घेतलं. तिकिटांचं काम लोकांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलं. आत्या आरशातून मागे बघत असल्यामुळे लोकांची सद्सद्विवेकबुद्धी चांगली जागी असते.

तिच्या स्वभावात सैल असं काही नाही. तिने बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही. तिने लावलेलं बरणीचं झाकण तिनेच काढावं लागतं, त्यामुळे तिच्या घरी गोड चहा प्यायचा तर ती घरात असावी लागते. माझा आतेभाऊ लग्नानंतर वेगळा राहायला गेला, त्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. मला विचाराल तर कारण साखरेची बरणी.

तर महिन्यापूर्वी इंजिनाच्या मागे, बोटीच्या तळाशी, तेलाचं तळं साचू लागलं. मिस्त्री आला. त्याने धक्क्याला बांधलेल्या बोटीत वाकून इंजिनामागच्या मोठ्या चाकाखाली बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात सांगितलं, की मागचं सील, तेल आत अडवून धरणारं रबरी कडं, गेलं. ते बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढायला हवं. आणि आतोबांनी हौसेने इंजिनावर लाकडी फळ्यांचं छप्पर ठोकलेलं, म्हणजे निम्मी बोट करवतीने कापायची.

आतेभाऊ याच बातमीची वाट बघत होता. तो वाईट नाही. उलट फार काळजीवाहू आहे. आत्याचा गुडघा दुखायला लागल्यापासून त्याला झोप लागत नाही. बोट कापून पुन्हा जोडत बसण्यापेक्षा आता पुरे, असं त्याचं म्हणणं. त्याने गिऱ्हाईकसुद्धा शोधलं होतं. पल्याडच्या हॉटेलवाल्याला ती बोट बागेत ठेवायची होती. आत माती भरून गुलाब लावायला.

गुलाबांचं ऐकून आत्या दोन दिवस मुलाशी बोलली नाही. मग एकदाची बोलली ती अशी: मागचं सील गेलं असेल तर ने तुझी बोट, लाव गुलाब, पण नसेल, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. त्यानेही ते मान्य केलं. त्याच संध्याकाळी तो हॉटेलवाल्याला घेऊन येणार होता, आणि मी दुपारी डबा सांडला होता.

"पूस," आत्या म्हणाली.

रॉकेलच्या चिंध्यांनी मी इंजिन पुसू लागलो. पुसता पुसता मला त्यात गोडी वाटायला लागली, हे कबूल करतो. इंजिनाला इतके कानेकोपरे असतात याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक नळी कुठून तरी निघते आणि भलतीकडेच जाते, आमच्या घराण्यातल्या वादांसारखी. मी आत्याला विचारलं की एवढा अनुभवी मिस्त्री सांगतोय, तरी तिला शंका का? तिचं म्हणणं असं, की धक्क्याला बांधून तासभर इंजिन चालवलं तरी खाली थेंब पडत नाही. पल्याड जाऊन आलं की मागे तळं. सील फाटलं असेल तर ते उभ्या बोटीत एवढं साळसूद कसं राहील? मिस्त्री म्हणे, जोर पडला की गळतं. आत्या म्हणे, बघू.

"पण बघणार कसं?" मी म्हणालो.

"पावडर आहे का तुझ्याकडे?"

माझ्या पिशवीत पावडरचा डबा असतो. मला घाम फार येतो आणि मी लोकांचा विचार करणारा माणूस आहे. आत्याने डबा घेतला, हुंगला, इंजिनाला वास आवडेल म्हणाली, आणि सबंध डबा त्याच्यावर उपडा केला. कोरड्या पावडरीवरून तेल गेलं की काळी रेघ उठते, आणि रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. इतकं सोपं. इंजिन नाटकात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या नटासारखं पांढरंफटक दिसायला लागलं. पण आत्या एकाच वेळी चाक धरून इंजिनावर नजर ठेवू शकत नव्हती. म्हणून मी फळ्यांखाली पालथा पडलो, हातात बॅटरी, नाक जवळजवळ पावडरीत.

दुपारी बोटीला सुट्टी असते. आम्ही रिकामीच काढली.

"काय दिसतं?" वरून आवाज.

"कोरडं."

"आता?"

"कोरडं. नाही, थांब. थेंब आहे. दुसरा पडला."

बोट थांबली. आत्या गुडघा धरत खाली आली, वाकली, बोटाने थेंब टिपला आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"हे तेल नाही," ती म्हणाली. "हा तू आहेस."

माझ्या कपाळाला तिने चिंधी बांधली आणि पुन्हा वर गेली. आता तिने वेग वाढवला. इंजिनाचा आवाज भरला, आणि बोटीने नाक वर उचललं. मी पालथ्या पालथ्याच मागे घसरलो. आणि घसरता घसरता माझ्या लक्षात आलं की मीच काय, या बोटीतलं सगळंच मागे चाललंय. चिंध्या, रिकामा डबा, माझी चप्पल.

मी बॅटरी खालून वर नेली. मागच्या चाकापाशी पावडर तशीच होती, पांढरीशुभ्र. वर, इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ बाहेर आली. जरा थबकली. मग झाकणाखालच्या खोबणीतून, मुंगी रांग धरते तशी, सरळ मागे निघाली, टोकाला पोहोचली, आणि चाकाच्या मागून खाली उतरली. धक्क्याला बोट समतल असते तेव्हा हे तेल खोबणीतच बसून राहत असणार. नाक वर झालं की त्याला वाट मिळत होती.

"आत्या," मी ओरडलो, "वरून येतंय. मागून नाही. वरून."

बोट एवढी झटकन वळली की मी इंजिनाला मिठी मारता मारता वाचलो.

धक्क्याला लागल्यावर आत्याने झाकण उघडलं. झाकणाखालचं पॅकिंग त्या कोपऱ्यात पार चेपून, फाटून बाहेर आलं होतं. एवढं कुणी आवळलं, असं मी भाबडेपणाने विचारलं. आत्या चिंधीने पाना पुसू लागली. मग सगळं बाहेर आलं: गळती सुरू होण्याआधीच्या खेपेला मिस्त्रीने झाकण लावून दिलं होतं, जास्त आवळू नका असं सांगितलंही होतं. पण त्याची पाठ वळल्यावर हिला राहवलं नव्हतं. पाना घेऊन तिने प्रत्येक नट आणखी थोडा फिरवला होता. थोडा म्हणजे आत्याचा थोडा. तिने आपल्या तळहाताकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा होता.

संध्याकाळी आतेभाऊ आला. बरोबर हॉटेलवाला, त्याच्या हातात मापं घ्यायची टेप. आत्याने मुलाला फाटलं पॅकिंग दाखवलं, पावडरीवरची रेघ दाखवली, आणि आपल्याच हाताचा पराक्रमही सांगितला, काही न लपवता. आतेभावाने रेघेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. त्याचा चेहरा पडला, आणि मग, मला वाटतं पहिल्यांदाच, त्यातून हसू बाहेर आलं.

"विषय संपला," तो म्हणाला. "पण नवं पॅकिंग मी बसवणार. तू पान्याला हात लावायचा नाहीस."

बाजारातून पॅकिंग आणलं. आतेभाऊ खाली बसून दोन बोटांनी नट फिरवत होता. आत्या त्याच्यामागे, दोन्ही हात पाठीशी एकमेकांत घट्ट धरून उभी होती. प्रत्येक नटाला तिचे खांदे आपोआप किंचित वळायचे. हॉटेलवाला थोडा वेळ टेपशी खेळत बसला, मग शेवटच्या फेरीने पल्याड गेला. तिकीट काढून. आत्या आरशात बघत होती.

परत येताना बोटीत आम्ही तिघेच होतो. आतेभाऊ पुढे उभा राहून काठ बघत होता. खाली तळ कोरडा होता. मी आत्याच्या शेजारी जाऊन, आवाज अगदी हळू करून विचारलं, की समज, रेघ मागूनच निघाली असती, तर तू खरंच बोट दिली असतीस?

आत्याने चाकावरची नजर काढली नाही.

"दिली असती, आणि रोज सकाळी तुझ्या घरी येऊन बसले असते."