केसांतली क्लिप

नववीतल्या मुलींना स्वतःच्या शरीराची चिंता किती वाटते, आणि खेळणाऱ्या मुलींना ती कमी वाटते का, हे एका ताईंना त्यांच्या अभ्यासासाठी मोजायचं होतं. आधी वजन, मग प्रश्नावली. काट्यापाशी मी उभी होते. आकडा मी मोठ्याने सांगायचा आणि पार मागच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाईंनी तो वहीत उतरवायचा, ही आमच्या शाळेची जुनीच पद्धत.

कबड्डीच्या संघातली वैष्णवी आली. चढाईला गेली की चार जणींना आवरत नाही अशी दणकट पोरगी. तिने बूट काढले, घड्याळ काढलं, मग केसांतली क्लिपही काढून टेबलावर ठेवली.

“अगं, क्लिपचं असं वजन ते किती?” मी म्हणाले. वर्ग हसला. “एकसष्ट!” मी ओरडले. वर्ग पुन्हा हसला.

शाळा सुटल्यावर मी प्रश्नावलीचे कागद लावत बसले. नावं कुणाचीच नव्हती, फक्त खेळते की नाही एवढी खूण होती. खेळणाऱ्यांचा गठ्ठा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. ‘शरीराची लाज कधी वाटते?’ या प्रश्नाखाली मात्र दोन्ही गठ्ठ्यांत तेच उत्तर पुन्हा पुन्हा येत होतं: बाई वजन ओरडतात तेव्हा.

इतकी वर्षं मी ओरडत आले. माझं स्वतःचं वजन मात्र मी घरातही कुणाला सांगत नाही.

काटा कपाटात ठेवायला उचलला आणि वाटलं, एकदा आपणही उभं राहावं. आधी दार लावून घेतलं. चपला काढल्या. मग माझा हात आपसूक केसांतल्या क्लिपकडे गेला.