बदकाचा डोळा

आमच्या मामूंइतका अस्वस्थ माणूस तेव्हा दुबईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा नव्हता, आणि अशा माणसाला नाद लागावा तो चिनी रेशमी भरतकामाचा! खलाशी असताना त्यांची बोट दुरुस्तीसाठी हाँगकाँगला अडकली, तेव्हा तिथल्या एका म्हातारीकडून ते हे शिकून आले. एका रेशमी धाग्यातून केसासारख्या तारा सोडवायच्या आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसेल असं भरायचं. मागे गाठ दिसली की सगळं फुकट. काम बसून करायचं, पण मामू एका जागी बसतील तर शपथ. चौकट घेऊन उजेडामागे खिडकीतून दारात, दारातून गच्चीत, आणि वाळू उडाली की धावत आत, माझ्या ताटावरून उडी मारून. खरखरीत हाताला रेशीम अडकतं म्हणून त्यांनी दोरखंड सोडून गोदामात कारकुनी धरली. मासे साफ करायचे मी, भांडी घासायची मी. "यल्ला, चल, बाजूला हो, हात लावू नकोस," एवढं ते सांगणार. शिवाय दिसेल तो कपडा उलटून मागची बाजू बघायची खोड. एकदा शारजाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या जरीच्या झग्याची कड उलटून म्हणाले, "हबीबी, मागे नुसता गुंता आहे." तो बिचारा हसला, घाम मला फुटला.

त्या वर्षी रत्नागिरीला त्यांच्या लेकीचा निकाह ठरला. तिला लहानपणी सोडून आलेला हा बाप, आणि आता रजाही मिळेना. निदान आपल्या हातची ओढणी तरी वेळेवर पोचावी म्हणून मामूंनी जिवाचं रान केलं. ओढणीवर बदकांची जोडी होती. चिनी लोकांत ती सुखी संसाराची खूण. सगळं झालं, पण एका बदकाचा डोळा काही जमेना. भरायचा, उसवायचा. "हे बघतंय कुठे? भलतीकडेच बघतंय," म्हणत येरझाऱ्या घालायचे. शेवटी बोट सुटायची वेळ झाली तेव्हा मी चिडून चौकट हिसकावली. "खलास, मामू." ओढणी गेली, पण ते बदक आंधळंच राहिलं. त्यानंतर मामूंना जेवण गोड लागेना.

पुढच्या वर्षी रजा मिळाली आणि आम्ही दोघं गावी गेलो. लेकीनं ओढणी आणून समोर ठेवली. त्या डोळ्याच्या जागी साध्या काळ्या दोऱ्याचे टाके होते. मामूंनी सवयीनं ओढणी उलटली. मागे ही भली मोठी गाठ. आता कात्री मागणार, असं मी धरूनच चाललो.

"आंधळं बदक डोक्यावर कसं घेऊ, अब्बा? मीच भरला," ती म्हणाली.

मामू खाली बसले. त्या गाठीवरून अंगठा फिरवत बसले ते दिवेलागण झाली तरी उठले नाहीत.