टेकडीवर नावाने हाक मारायची नाही

रविवारी सकाळी नीरजाचा फोन आला तेव्हा मी आठवड्याचे इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होतो.

"श्यामदादा, बाबा घरात नाहीत. दार उघडं आहे, काठी नाही. पाण्याची बाटली मात्र टेबलावरच आहे."

नीरजा ही रिसबूड गुरुजींची मुलगी. वारज्यात आमच्या शेजारच्या इमारतीत ती आणि गुरुजी दोघंच राहायचे. गुरुजींनी ऐंशी ओलांडली होती आणि अलीकडे विसरणं फार वाढलं होतं. आधी ते वस्तू विसरले, मग वार, मग माणसं. मला ते कधी ओळखायचे, कधी विम्याचा एजंट समजून परत पाठवायचे. विम्याच्याच कचेरीत माझी नोकरी आहे, त्यामुळे त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

मे महिना होता. मी खाली आलो तोवर ऊन तापायला लागलं होतं. नीरजा फाटकाशी वॉचमनला विचारत होती.

"आजोबा टेकडीकडे गेले," वॉचमन म्हणाला. "मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, मुलं पुढे गेली आहेत."

टेकडीची वाट मला माहीत होती. लिंबापासून वर चढायचं, म्हसोबाच्या दगडाला वळसा घालून खिंडीत यायचं आणि पलीकडे ओढ्यावर उतरायचं. लहानपणी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी आम्हाला याच वाटेने न्यायचे. पण आता पलीकडची बाजूच राहिलेली नाही. दगडाच्या खाणीने ती कापून नेली आहे. खाण बंद पडली, तिचं तारेचं कुंपणही जागोजागी लोळलं आहे. खिंड ओलांडली की थोडा उतार लागतो आणि मग एकदम कडा. डोळ्यांनी पाहणारा माणूस तिथे थांबेल. पायांच्या सवयीने चालणारा थांबेलच असं नाही.

मी संपतला फोन लावला. नीरजाला सांगितलं, "तू घरीच थांब. ते परत आले तर घरात कोणीतरी हवं." तिला ते पटलं नाही, पण ती थांबली.

संपत माझा शाळासोबती. मी राहतो ती इमारत त्याच्या वडिलांच्या उसाच्या शेतावर उभी आहे, आणि हे तो मला विसरू देत नाही. तो जीप घेऊन आला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "भांग पाडून आलायस. टेकडीवर लग्न हाय का कुणाचं?"

"जीप चालव," मी म्हणालो.

लिंबापाशी जीप सोडली, तिच्यातली पाण्याची बाटली मी घेतली आणि आम्ही चढायला लागलो. संपतला दम लागत होता, मलाही. वाटेवरच्या धुळीत काठीचं टोक टेकल्याच्या खुणा होत्या. त्या दिसल्यावर आम्ही दोघांनीही पाय उचलला.

वारजे तेव्हा गाव होतं आणि पुणं दूर होतं. शाळेत दोन शिक्षक. रिसबूड गुरुजी शहरातून सायकलवर यायचे. पँटच्या पायाला चिमटा लावलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत दुर्बीण. शनिवारच्या टेकडीवरून गावात कुरकुर होती. एकदा संपतचे वडील, हिंदुराव, शाळेच्या पायरीवर येऊन म्हणाले, "मास्तर, पोरं गुरांमागं डोंगरात जात्यातच की. त्याला शाळा कशाला पायजे?"

"गुरं खाली बघतात," गुरुजी म्हणाले. "मी मुलांना वर बघायला नेतो."

हिंदुरावांनी पुन्हा विचारलं नाही. गुरुजींनी आम्हाला डोळे मिटून खोडावर हात फिरवून झाड ओळखायला शिकवलं. घार शेपटीवरून कशी ओळखायची ते दाखवलं. सुट्या मुरमावर पाऊल सरळ टाकायचं नाही, आडवं टाकायचं, हे तर इतकं घोटून घेतलं की आजही मी कचेरीचा ओला जिना उतरताना पाऊल आडवं टाकतो.

टेकडीवर त्यांचा एक नियम होता. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. गावातली म्हातारी माणसंही हेच सांगायची, कारण त्यांच्या मते रानात नावाने हाक मारतो तो चकवा, आणि त्याच्या मागे गेलेला माणूस वाट चुकतो. गुरुजी त्यांना हसले नाहीत. आम्हाला म्हणाले, "चकवा असेल, नसेल. पण आपलं नाव ऐकलं की माणूस पायाखाली बघत नाही, आवाजाकडे धावतो. म्हणून नाव न घेता नुसती लांब कू घालायची. कू ऐकली की जिथे असाल तिथे थांबायचं आणि उलट कू द्यायची."

दुसरा नियम त्यांचा स्वतःपुरता होता. ते सगळ्यांच्या मागे चालायचे. आणि त्यांच्याही मागे राहायची ती संपतची थोरली बहीण शकू; तिने गाठेपर्यंत ते वर्ग थांबवून ठेवायचे. ती उशिरा शाळेत आली म्हणून आमच्याच वर्गात होती. तिच्या कडेवर कायम सगळ्यांत धाकटा भाऊ असायचा. त्याला सांभाळायचं या अटीवरच तिला शाळेत धाडलं होतं. दुसरे शिक्षक तिला घरी पाठवायचे, गुरुजी म्हणायचे, बसू दे, दोघंही शिकतील. टेकडीवरही ती त्याला घेऊनच यायची. गुरुजींचा शिरस्ता होता, पाणी आधी त्या पोराला, मग बाकीच्यांना. आणि उतरताना पोर शकूने घ्यायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं. शकूची कू मधेच तुटायची, कारण तिने तोंड उघडलं की पोर त्यावर हात ठेवायचं. आम्ही सगळे तिची नक्कल करायचो. संपत सर्वांत हुबेहूब करायचा आणि त्यासाठी तिचा मारही खायचा.

म्हसोबाच्या दगडापाशी संपत टेकला. "शकूताई गेली ते त्यांच्या ध्यानात न्हाई," तो म्हणाला. "तिच्या दहाव्याला आले होते की. आन् दिवाळीत मला विचारत्यात, शकू यंदा कितवीत हाय?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हणलं, सातवीत."

खिंडीत पोचलो आणि गुरुजी दिसले.

लोळलेल्या कुंपणाच्या पलीकडे, उतारावर, आमच्याकडे पाठ करून ते चालत होते. डोक्यावर टोपी नव्हती. काठी आधी टेकवायची, मग पाऊल, अगदी शिस्तीत. त्यांच्या पुढे दोनचार हात जमीन होती आणि त्यानंतर नुसतं आभाळ.

संपतने हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. हाक ऐकून ते गर्रकन वळले असते, आणि त्या मुरमावर ते वळणंच पुरेसं होतं.

मी कू घालायला गेलो, पण चढून दम लागला होता, नुसती हवा बाहेर आली. गुरुजींनी आणखी एक पाऊल टाकलं. मी श्वास भरून घेतला आणि पोटातून जोर केला.

या वेळी कू निघाली. गुरुजी थांबले, काठी टेकलेली आणि एक टाच उचललेली, तसेच. मग टाच खाली आली, आणि वळून न बघता त्यांनी बारीक, पण स्पष्ट कू दिली.

मी कुंपण ओलांडलं. "संपत, तू इथेच थांब. दोघांचं वजन नको."

पाऊल आडवं टाकत मी त्यांच्यापर्यंत गेलो. ते कड्याजवळच्या एका खडकावर बसले होते. ओठ पांढरे पडले होते. खाली खाणीत हिरवट पाणी साचलं होतं.

"पाऊल बरं टाकता," ते मला म्हणाले. "आपण कोण? पालक का?"

"हो, गुरुजी. ऊन फार झालंय. चला, खाली जाऊ."

"शकू यायची आहे."

"ती येईल मागून."

"मागून येईल म्हणजे? मागे मी असतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मान आपोआप खाली गेली. "ती आल्याशिवाय वर्ग हलणार नाही."

मी बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. "आधी तिच्या कडेवरचं पोर."

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो असा हिसडला की खडकाखालचा मुरूम सुटला. दगड घरंगळत कड्यावरून गेले आणि पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. मी हात सोडला. जबरदस्ती केली तर आम्ही दोघंही त्या दगडांच्या मागे गेलो असतो. आणि थांबावं, तर उन्हाने त्यांचे डोळे जड व्हायला लागले होते. अग्निशमनवाल्यांना बोलावलं असतं तरी ते इथवर चढेपर्यंत गुरुजी खडकावर बसून राहिले असते असं मला वाटत नव्हतं.

"शकू आज आलेली नाही, गुरुजी," मी म्हणालो.

"सकाळी वर्गात होती. मी पाहिलं तिला."

मी मागे वळून संपतकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. तो कुंपणापासून वळला आणि आम्ही आलो त्या वाटेने खाली दिसेनासा झाला. मला वाटलं, फोन करायला गेला असेल. त्याचा रागही आला, की अशा वेळी मला एकट्याला सोडून गेला. गुरुजींची मान पुढे झुकली. मी त्यांच्या आणि कड्याच्या मधे कसाबसा गुडघा घालून बसलो.

आणि खिंडीपलीकडून, आम्ही आलो त्या वाटेवरून कू आली.

लांब, चढत गेलेली, आणि मधेच तुटलेली. कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. मग उरलेली अर्धी.

गुरुजींनी मान वर केली आणि पूर्ण, दमदार कू दिली. आधीपेक्षा मोठी. "आली," ते म्हणाले. काठीवर जोर देऊन ते आपले आपण उठले.

"तुम्ही पुढे व्हा. मी मागे."

त्या वेळी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि वर चढायला लागलो. मागे काठीचा आवाज, मग पावलाचा. काठी, पाऊल. एकदा पाऊल घसरल्याचा आवाज आला आणि मी जागीच थिजलो. "चला, चला," मागून गुरुजी म्हणाले, "वाट अडवू नका." कुंपणाची तार माझ्या पायाला लागली तेव्हा कुठे मी वळून पाहिलं. ते माझ्या अगदी मागे होते. तारेपलीकडे आल्यावर मी त्यांना एका दगडाच्या सावलीत बसवलं.

संपत वर आला. धापा टाकत होता, चेहरा सगळा ओला होता आणि तो पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, रिकाम्या वाटेकडे.

"पोर पाणी प्यायलं?"

"प्यायलं, गुरुजी."

मग ते प्यायले. सावकाश, मधे थांबत, अर्धी बाटली. बाटलीचं झाकण स्वतः लावून त्यांनी ती मला परत दिली आणि काठी टेकून उभे राहिले.

"उतरायचंय आता. शकूकडून पोर कुणी घेतलं?"

संपतने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी घेतलंय, गुरुजी."

"मग हळू उतर," गुरुजी म्हणाले. "मी मागे आहे."