सहाच्या सहा पाण्याचे

फिजिओवाल्या बाईंनी दिलेला स्पंजचा पिवळा चेंडू बाबांनी तिसऱ्याच दिवशी खिडकीतून बाहेर फेकला. "मी काय पोर हाय?" म्हणाले. डावा हात शाबूत होता ना, त्याच हाताने फेकला. समोरच्यांच्या बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, त्यात जाऊन तो पडला. समोरची बाई जी सुरू झाली ती दुपारपर्यंत थांबली नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. पाय सावरला होता, बोलणं बरंचसं परत आलं होतं. अडला तो उजवा हात, आणि त्यातही अंगठा. फिजिओवाल्या बाईंनी मला दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, "रोज हलवला तर येईल. मध्ये थांबलात तर आहे तेही जाईल, मग माझ्याकडे येऊ नका."

बोटीवर परत जायचं बाबांच्या मनातही नव्हतं, बोट काकांनी घेतली होती. त्यांना एवढंच हवं होतं की वेसाव्याच्या किनाऱ्यावर म्हातारे जाळी शिवत बसतात, तिथे जाऊन बसावं. नुसतं बसायला कोणी नको म्हणालं नसतं. पण आमच्याकडे हातात सुई नसलेला माणूस तिथे बसत नाही, त्याची त्यालाच लाज वाटते. आणि सुई धरायला अंगठा लागतो.

मी तेव्हा तिशीला आलेली. दिवसभर अंधेरी पूर्वेच्या एका ऑफिसात लोकांचे विम्याचे फॉर्म तपासायचे आणि घरी येऊन हातात धरायच्या गेमवर राक्षसांच्या लढाया खेळायचे. आई मासळीची पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "घोडी झालीस तरी खेळ सुटत नाय तुझा." चेंडूचं भांडण मिटवून आल्यावर माझं डोकं इतकं सटकलं होतं की तो गेमच मी बाबांच्या हातात कोंबला. "चेंडू नको ना? मग हे दाबा. बटणं उजव्या अंगठ्याखालीच आहेत."

हा खेळ साधा आहे. सहा प्राण्यांची टोळी बांधायची आणि समोरच्याच्या टोळीशी लढायचं. प्रत्येक प्राण्याची एक जात असते. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी झाडपाल्याचा, कोणी विजेचा. पाणी आगीला विझवतं, पण विजेपुढे आणि झाडपाल्यापुढे पाण्याचं काही चालत नाही. म्हणून शहाणा माणूस सहा जण सहा जातींचे घेतो, म्हणजे एक पडला तर दुसरा सावरतो.

बाबांनी सगळे प्राणी नीट बघून घेतले. मग विचारलं, "यातले मासं कुठले?"

मी दाखवले.

"मग हेच घ्यायचे. आगीचा-बिगीचा मना नको."

"अहो बाबा, सगळे पाण्याचे घेतले तर एक विजेचा येईल आणि सगळ्यांची एकदम वाट लावेल."

"मग काय झालं? आपन सगळे दर्यावरचेच ना? आपली नाय लागली वाट?"

खोटं नव्हतं ते. काका दर्यावर, मामा दर्यावर, आई मासळीबाजारात. किनाऱ्याजवळची मासळी संपत गेली तेव्हा सगळ्या घरांच्या चुली एकदमच मंदावल्या होत्या. सावरायला वेगळ्या जातीचं कोणी नव्हतंच. मी एकटी फॉर्म तपासत होते.

तर सहाच्या सहा पाण्याचे. बाबांनी त्यांची बारशी केली: घोळ, ताम, शिंगाळा, सुरमय, बोंबील आणि निवटी. निवटी म्हणजे चिखलातला मासा. खेळातला तो प्राणीही अर्धा पाण्याचा आणि अर्धा मातीचा होता, त्यामुळे त्याला वीज लागत नसे. टोळीची सगळी भिस्त त्याच्यावर. बोंबील आला की खेळात पाऊस पडायचा आणि पावसात पाण्यातल्यांचा जोर वाढायचा. पण त्याच पावसात समोरच्याची वीज हमखास नेमकी लागायची. "लबाड हाय पाऊस," बाबा म्हणाले. त्यांना खेळ कळला होता.

माझ्या ऑफिसजवळच्या एका गेमच्या दुकानात एकाच जातीच्या टोळ्यांची स्पर्धा असते, हे मी त्यांना सांगितलं मात्र, ते हट्टालाच पेटले. स्वतः खेळणार, उजव्या हाताने. स्पर्धेत उतरवायचा प्राणी नुसता पकडून चालत नाही, जोडी लावून अंडी घ्यावी लागतात. पन्नास अंडी फोडावीत तेव्हा एखादा मनासारखा निघतो. अंडं फुटलं की बटण, आत काय आलंय ते बघायला पुन्हा बटण, नको असेल तर सोडून द्यायला परत बटण. सुरुवातीला त्यांच्या अंगठ्यावर मी माझं बोट ठेवून दाबायचे. घामाने दोघांचीही बोटं घसरायची, ते मला शिव्या द्यायचे, मी उलट बोलायचे. आई म्हणायची, "दोघंही येडी झालीत." एप्रिलमध्ये एक दिवस मी बोट ठेवायला विसरले आणि बटण दाबलं गेलं. मी ओरडलेच. मेच्या शेवटी बाबांनी जाळ्याची सुई मागून घेतली. ती त्यांच्या चिमटीत मी वीस मोजेपर्यंत राहिली. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या चढल्या. त्याच दिवशी बाबांनी गेम फडक्याने पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आईकडून सुतळीने बांधून घेतला आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायला लावला.

"हे काय नवीन?"

"गाभोळीचं दिस हायत, मासं अंड्यावर हायत. आता नारली पुनवेपर्यंत मासं धरायचं नाय, मारायचं नाय."

मी खो खो हसले. "बाबा, ते खरे मासे आहेत का?"

"अंडी त्यांचीच फोडलीस ना इतके महिने?"

मी वाद वाढवला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. पाच महिने मी ऑफिसातून येऊन चहासुद्धा न घेता त्यांच्या अंगठ्याशी झटत होते. आता माझ्या संध्याकाळी मला परत मिळाल्या. फिजिओवाल्या बाईंचा फोन आला, "करतात ना रोज?" मी म्हटलं, "हो, करतात ना." दोनदा विचारलं त्यांनी, दोनदा मी हेच सांगितलं.

स्पर्धा जुलैत होती, बंदीत येते म्हणून बाबांनी तीही सोडून दिली होती. घरात कोणाला न सांगता मी सुतळी सोडली आणि बाबांचे सहा घेऊन गेले. मनाशी म्हटलं, जिंकले तर सांगेन, म्हातारा खुलेल. पहिल्याच फेरीत समोर एक कॉलेजातली मुलगी होती, तिची टोळी झाडपाल्याची. विजेची मला भीती होती म्हणून निवटीला पुढे काढलं होतं. पण झाडपाला पाण्यालाही मारतो आणि मातीलाही, निवटीला तर दुप्पट लागतो. एका फटक्यात ती आडवी. मग एकेक करून बाकीचे पाच. अख्खा खेळ दहा मिनिटांत आटोपला. ती मुलगी सौजन्याने म्हणाली, "ताई, एकच जात घ्यायची तर पाणी नको ना, पाण्याला वाली नसतो." घरी येऊन मी तीच पिशवी, तीच सुतळी, तशीच गाठ मारून ठेवली.

नारळी पौर्णिमेला बोटी सजल्या, दर्याला नारळ दिला. बाबांनी नवा सदरा घातला. आईने गेमला हळदकुंकू लावलं, वर एक फूलही ठेवलं. बाबांनी तो मांडीवर घेतला, अंगठा बटणावर ठेवला.

हलला नाही. पुन्हा ठेवला. मी सवयीने त्यावर बोट ठेवलं तर आतून लाकडासारखा लागला. "बसून बसून आखडलाय, होईल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. बाबांनी डाव्या हाताने गेम चालू केला आणि आपले सहा बघायला घेतले. स्पर्धेत उतरलेल्या प्राण्यावर हा खेळ एक छोटासा शिक्का मारतो, तारखेसकट. मी ते पार विसरले होते.

बाबांनी सहाही शिक्के बघितले. तारखेवर बोट ठेवून विचारलं, "पावसात घेऊन गेलीस यांना?"

"हो."

"हरलीस?"

"हो."

ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "म्हनून गेला. बंदीत जाला टाकला की दर्या काय तरी घेतोच, बाय."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबा, दर्याने काही घेतलेलं नाही. अडीच महिने तुम्ही बटण दाबलं नाहीत, मी दाबायला लावलं नाही, म्हणून गेला. पण मग त्यांना कळलं असतं की जन्मभर पाळलेल्या नेमानेच त्यांचा हात खाल्ला. ते मी कोणत्या तोंडाने सांगू? मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं बाबा."

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "जाऊ दे. तुना म्हायत नव्हता."

फिजिओवाल्या बाई नंतर येऊन बघून गेल्या. हात दोनदा वळवून पाहिला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चप्पल घालून निघाल्या. किनाऱ्यावरचे म्हातारे कधीमधी घरीच येतात, बाबा काही तिकडे जात नाहीत. कोणी अंगठ्याचं विचारलं की बाबा सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात, निवटीसकट, आणि शेवटी माझी बाजू घेतात: पोरीच्या हातून झालं, पण तिना म्हायत नव्हता, तिना कोनी काय बोलू नका. मी चहा घेऊन आलेली असते. कप खाली ठेवते आणि म्हणते, हो, माझंच चुकलं.