सरकारी थेंब आणि पोह्यांची बशी

जर्मनीत २०१७ साली डॉक्टरांना गांजापासून केलेलं औषध लिहून द्यायची मुभा मिळाली, तेव्हा माझ्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं आणि डाव्या पायातली कळ कुठल्याच गोळीला दाद देत नव्हती. स्टुटगार्टच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले आणि लगेच हात वर केले. त्यांचं लिहिणं ही नुसती विनंती. परवानगी देणार क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमावाले, आणि त्यांना सल्ला देणार त्यांचे तपासनीस. आधी बाकीची औषधं हरली पाहिजेत, आजार 'गंभीर' ठरला पाहिजे, आणि एवढं होऊन थेंब मिळालेच तर माझी माहिती, नाव वगळून, सरकारी अभ्यासाला गेली पाहिजे. माझी इतकी काळजी माहेरीही कुणी केली नव्हती.

याच शहरात शरदातल्या जत्रेत लोक लिटरलिटरभर बियर रिचवून बाकांवर नाचतात. त्यांना कुणी विचारत नाही, की आधी लिंबू सरबत पिऊन पाहिलंत का.

नवरा त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे नियमांवर त्याचा फार जीव. "आल्झो, हे बघ, कायदा नवीन आहे. मिसयूज होऊ नये म्हणून कंट्रोल हवाच ना," तो म्हणाला.

"मिसयूज कसला डोंबलाचा," सासूबाई म्हणाल्या. त्या सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि नातीच्या खोलीत झोपायच्या. तहसील कचेरीत त्यांची उभी हयात गेलेली. "सरकारला गांजाचं काही नसतं रे. कुणाचं दुखणं खरं आणि कुणाचं खोटं, हे ठरवायचा हक्क सोडायचा नसतो. आम्ही लोकांना एका दाखल्यासाठी खेटे घालायला लावायचो, ते काय उगाच?"

बहुतेकांचा निकाल म्हणे कागदांवरच लागतो. आमच्याकडे मात्र तपासनीस बाई घरी येणार असं कळलं, आणि घरात दिवाळी सुरू झाली. सरकारी माणूस आला की त्याला काय लागतं, हे सासूबाईंना तोंडपाठ. त्यांनी खोबरं-कोथिंबीर पेरून पोहे केले, रव्याचे लाडू वळले. मी केस नीट बांधले, ठेवणीतला कुडता घातला, दार स्वतः उघडलं, ट्रेही स्वतःच आणला. बाईंनी विचारलं, कशा आहात? "गुट, डांके," म्हणजे छान आहे, असं मी हसून म्हणाले. पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. टेबलाखाली पाय नुसता पेटला होता.

बाईंनी पोहे दोनदा घेतले. "काम झालं समज," सासूबाई म्हणाल्या.

नकार आला. रुग्ण हिंडती-फिरती आहे, प्रसन्न आहे, घरकाम उत्तम सांभाळते. आजार पुरेसा गंभीर दिसत नाही. नवऱ्याने अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाला, "पण दिसत तर गेनाऊ, अगदी असंच होतं." मी हातातलं उलथनं भिरकावलं. त्याला लागलं नाही, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

आम्ही अपील केलं. सासूबाई परत जायच्या आत त्याच बाई पुन्हा येणार असं ठरलं. या खेपेला नवऱ्याने ऑफिसला जाताना नियम घालून दिले. केस विंचरायचे नाहीत, घर आवरायचं नाही, खायला काही ठेवायचं नाही.

"चहासुद्धा नाही?" सासूबाई म्हणाल्या. "अरे, वैऱ्यालाही आपण पाणी विचारतो."

मी विटक्या गाऊनमध्ये सोफ्यावर बसले. दुखत होतं ते खरंच होतं, पण ते असं मांडून बसायची मला भयंकर लाज वाटत होती. सासूबाई कोपऱ्यात रुसून बसल्या होत्या. सात वर्षांची लेक जमिनीवर चित्र रंगवत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच. दुकानात आजी मराठीत सांगणार आणि ही जर्मनमध्ये मागणार, असा दोघींचा कारभार.

बाईंनी विचारलं, रात्री कशा जातात?

"गेट शोन," माझ्या तोंडून गेलंच. म्हणजे, चालायचंच. फोनवर मी सगळ्यांना हेच सांगते, त्यामुळे हे दोन शब्द एव्हाना सासूबाईंनाही कळत होते.

"खोटं बोलतेय ती," त्या ताडकन उठून नातीला म्हणाल्या. "सांग गं त्यांना. सगळे झोपले की तुझी आई या सोफ्यावर येऊन बसते आणि उशी तोंडात कोंबून रडते. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. पण मला येतं ऐकू."

लेकीने पेन्सिल खाली ठेवली आणि शाळेत धडा म्हणावा तसं सगळं जर्मनमध्ये सांगितलं, काहीही न गाळता. मग म्हणाली, "उंड इश आउख." आणि मलापण. एवढं सांगून तिने पुन्हा पेन्सिल घेतली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई बराच वेळ लिहीत होत्या. त्या निघाल्या तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, "आता तरी चहा टाकू का?"

थोड्याच दिवसांत मंजुरी आली. डॉक्टरांच्या सहीने जे झालं नाही, ते लेकीच्या तीन शब्दांनी झालं. सरकारने पुरावा मागितला होता आणि तो माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, जागा होता.

थेंब घेतल्यावर पहिल्यांदाच मी सकाळपर्यंत झोपले. नाश्त्याला लेकीला मुद्दाम सहज विचारलं, काल रात्री काही ऐकू आलं का गं?

"नाइन," म्हणजे नाही, असं ती दुधात चमचा फिरवत तिच्या जर्मनमध्ये म्हणाली. "मी किती वेळ वाट बघत होते."