डाव्या हाताचा दांडा

अण्णांचा अंगठा गेला तेव्हा मी नववीत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. भवानीनगरला रस्त्याकडेला त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचं मशीन आणि वर पत्रा. उसाच्या गाड्यांचे आस, विहिरीवरच्या मोटारींचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, असली कामं यायची. त्या दिवशी ते एका शाफ्टला पॉलिश करत होते. फिरत्या शाफ्टला एमरी पेपरची, म्हणजे घासायच्या खरखरीत कागदाची, पट्टी हातानं गुंडाळून धरायची नसते, हे तेच येईल त्याला बजावायचे. पट्टी अडकली आणि तिनं हात आत ओढला. डावा अंगठा मुळापासून गेला आणि शेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. मी शाळेतून आले तर दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर शेजारच्या काकू बसल्या होत्या. "बारामतीला नेलंय," एवढंच त्या म्हणाल्या. कुणाला नेलंय ते मला विचारावं लागलं.

आमच्या घरी तेव्हा एक टीव्ही गेम होता. मामानं पुण्याहून त्याच्या मुलासाठी आणलेला, पण मामीनं घरात ठेवू दिला नाही म्हणून आमच्याकडे आला. त्याला दोन रिमोट होते. हातात धरायच्या त्या चपट्या डबीला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. डावीकडं अधिकच्या चिन्हासारखं बटण, त्यानं माणूस हलवायचा, आणि उजवीकडं बुक्की आणि लाथ. रविवारी सकाळी आई विहारात वंदनेला गेली की मी आणि अण्णा मारामारीची कॅसेट लावायचो. अण्णा कायम त्यातला जाडा पैलवान घ्यायचे. अंगठा खाली दाबून, तसाच तिरपा घसरवत पुढं आणायचा आणि बुक्की मारायची, की पैलवानाच्या हातातून आगीचा गोळा सुटायचा. मला तो दहात तीनदा जमायचा. अण्णांचा अंगठा जाड होता, तेलानं कायमचा काळा पडलेला, पण त्या एवढ्याशा बटणावर असा फिरायचा की गोळा चुकायचाच नाही. मी बहुतेक हरायचे. त्यांनी मला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर अण्णा फार बोलेनासे झाले. बाजेवर बसायचे, डावा हात टॉवेलखाली. लोक शाफ्ट घेऊन यायचे, वर्कशॉप बंद बघून घरी यायचे, आणि टॉवेलकडं बघत चहा पिऊन जायचे. हातावरची पट्टी निघाल्यावर एका रविवारी मी फार विचार न करता टीव्ही गेम जोडला आणि एक रिमोट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि मधल्या बोटानं बटण दाबायला लागले. पैलवान जागच्या जागी उड्या मारायला लागला. मी माझा माणूस उभा ठेवला, मारलं नाही. त्यांनी ते बघितलं. रिमोट त्यांनी आपटला नाही, हळूच खाली ठेवला.

"गुंडाळून ठिव," म्हणाले.

मी वायरी गुंडाळल्या आणि सगळं माळ्यावर टाकलं.

दर पंधरवड्याला बारामतीला डॉक्टरांना हात दाखवायला जावं लागायचं. आई अंगणवाडीत, म्हणून मी सोबत. राहिलेली बोटं हलवत राहा, नाहीतर आखडतील, असं डॉक्टर दरवेळी सांगायचे आणि अण्णा दरवेळी मान हलवायचे. अशाच एका दिवशी एसटीला वेळ होता. स्टँडजवळच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. दारावर पडदा, आत कपाटाएवढी मशिनं आणि पोरांची गर्दी. अण्णा पडदा बाजूला करून उभे राहिले. मला वाटलं स्क्रीनवरची मारामारी बघतायत. ते पोरांचे हात बघत होते. तिथं रिमोट नव्हता. मशिनच्या फळीतून लोखंडी दांडा वर आलेला, त्याच्या टोकाला लाल गोळा. एक पोरगा तळवा वर करून तो गोळा मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरून फिरवत होता.

"त्याचा अंगठा बघ," अण्णा म्हणाले. "रिकामाच हाय."

एसटीत ते खिडकीबाहेर न बघता गुडघ्यावर डावं मनगट फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपचं शटर उघडलं. अपघातानंतर पहिल्यांदा. मला म्हणाले, "तू धर." लेथवर डाव्या हातानं मोठं चाक फिरवून कापायचं हत्यार पुढं सरकवायचं असतं आणि उजव्या हातानं आत घ्यायचं. उजवा हात त्यांचा, डावा माझा. समोर ते गरगर फिरणारं लोखंड, ज्यानं त्यांचा अंगठा नेला होता. माझी नजर सारखी तिथंच जात होती. "बघू नगस तिकडं. चाकाकडं बघ. हळू. अजून हळू," ते सांगत राहिले. आम्ही पार्लरमधल्यासारखा दांडा कातून काढला. नायलॉनचा गोळा काढला. दांड्याच्या बुडाशी चारी बाजूंना जुन्या स्टार्टरच्या पितळी पट्ट्या बसवल्या, दांडा ज्या बाजूला कलेल तिथली पट्टी टेकायची आणि पैलवान तिकडं हलायचा. बुक्की आणि लाथेला घराच्या बेलची दोन बटणं. खोक्याच्या फळ्यांची पेटी केली. एक रिमोट उघडून त्याच्या आतल्या प्लेटवर बारीक वायरी जोडायचं काम गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं केलं. त्याला आधी हसू आलं, मग अण्णांचा हात बघून त्यानं मान खाली घालून डाग दिले.

आई म्हणाली, "उजव्या हातात घ्या की दांडा. सोपं पडंल."

"उजव्याला काय धाड भरलीय?" अण्णा म्हणाले. "शिकायचंय ते डाव्याला."

रिमोटवर अंगठ्याचं काम टिचभर जागेत असतं. दांड्याला मनगट लागतं, कोपर लागतं. अण्णांचा हात प्रत्येक वेळी जास्त जायचा. पुढं म्हणून ढकलला की तिरपा जायचा, पैलवान उडी मारायचा आणि मी त्याला हवेतच झोडपायचे. पहिले काही रविवार त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट पेटी उघडून पट्ट्या वाकवायचे, पुन्हा खेळायचे. महिना झाला, दुसरा लागला. बोटांच्या बेचक्यात घट्टे पडले, संध्याकाळी बोटं सुजायची. खाली, तिरपं, पुढं आणि बुक्की. आगीचा गोळा काही सुटत नव्हता. मग ते चिडायला लागले. माझ्यावर नाही, दांड्यावरही नाही. जेवायला बसायचे आणि ताटावरून उठून जायचे.

एकदा आईनं मला चुलीपाशी गाठलं. "जरा हरत जा की गं," ती म्हणाली. "तेवढंच माणूस दोन घास नीट खाईल."

मी हरायला लागले. ते वाटतं तितकं सोपं नसतं. उभं राहून चालत नाही, ते त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. बुक्की मारायची, पण क्षणभर उशिरा. मागं सरायचं तिथं पुढं जायचं. अधूनमधून एखादा डाव जिंकायचा, म्हणजे संशय येत नाही. अण्णांचा हात खरंच थोडा सुधारला होता. मी बाकीचं भरून काढत होते. दिवाळीपर्यंत ते मला दहात सात वेळा हरवायला लागले. हरवल्यावर मांडीवर थाप मारायचे. आई भाकरी थापता थापता आतून विचारायची, "कोण जिंकलं?" आणि अण्णा खोटाच दम लागल्यासारखं करून सांगायचे, "तुझी पोरगी दमली बघ!"

वर्कशॉप रोज थोडा वेळ उघडायला लागलं. निरवांगीचे एक तात्या मोटारीचा शाफ्ट घेऊन आले. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बुधवारी घिऊन जावा." तात्या गेल्यावर त्यांनी डावा हात माझ्यापुढं धरला, तीन बोटं आणि एक अर्धं, आणि मनगट गोल फिरवून दाखवलं.

"वळला, पोरी. हितं वळला म्हंजी लेथवर बी वळंल."

मला तेव्हाच सांगता आलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी ते म्हणाले, "चल, बारामतीला जाऊ. बघू की ती पोरं काय म्हणत्यात." मी चाचणी परीक्षा आहे म्हणाले. पोट दुखतंय म्हणाले. "यिऊन अभ्यास कर," म्हणून त्यांनी धुतलेला सदरा घातला. आईनं माझ्याकडं बघितलं आणि विहारात जायला निघून गेली.

पार्लरमध्ये मी एकटीच मुलगी. मी पडद्याजवळ उभी राहिले. अण्णांनी मशिनमध्ये नाणं टाकलं. समोर कॉलेजचा एक हडकुळा पोरगा होता, मागच्या खिशात कंगवा. त्यानं पहिला डाव घेतला, दुसरा घेतला, अण्णांचा एकही फटका त्याला लागला नाही. अण्णा हसून म्हणाले, "आपल्याला सवय न्हाय ह्या मशिनची." पुन्हा नाणं टाकलं. पुन्हा तेच. ते दात ओठावर दाबून दांडा फिरवत होते, खाली, तिरपं, पुढं. तो पोरगा बघत बघत चुकवत होता, शेजारच्याशी बोलत चुकवत होता. चौथ्या खेळाला मागच्या एकानं त्याच्या कानाशी काहीतरी म्हटलं. दबक्या आवाजात, पण मला ऐकू आलं म्हणजे अण्णांनाही आलंच असणार.

"हात बघ की त्यांचा. एक डाव सोड."

मग त्या पोरानं सोडला. बुक्की मारली, पण क्षणभर उशिरा. मागं सरायचं तिथं पुढं आला. अण्णांच्या माणसाचे फटके लागायला लागले. तीन लागले, चार लागले. आणि अण्णांनी दांड्यावरून हात काढला. स्क्रीनवर दोन्ही माणसं समोरासमोर झुलत उभी राहिली. अण्णा मागं वळले आणि त्यांनी त्या पोराकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"काका, डाव राहिलाय तुमचा," पोरगा म्हणाला.

"खेळ तू," अण्णा म्हणाले.

आम्ही स्टँडवर बाकावर येऊन बसलो. आमच्या गावावरून जाणारी इंदापूरची एक गाडी लागली आणि सुटली, तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "कवापास्नं?"

"काय?"

"कवापास्नं हरतीयास?"

"दसऱ्यापासून," मी म्हणाले.

"आईला ठावं हाय?"

"न्हाय," मी म्हणाले.

ते खोटं होतं. त्यांनी मान हलवली. पुढच्या गाडीत आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाली.

बुधवारी निरवांगीचे तात्या आले. शाफ्ट पोत्याखाली होता तसाच होता. अण्णांनी तो त्यांच्या हवाली केला आणि "दुसरीकडं बघा" म्हणाले. तात्यांनी कारण विचारलं नाही. उन्हाळ्यात इंदापूरच्या एका माणसानं लेथ नेला. चौघांनी पहारी घालून तो जमिनीतून उचकटला, ट्रॉलीत चढवला. अण्णा पुढं होऊन दोर कसा बांधायचा ते सांगत होते. लेथ गेल्यावर जमिनीतून चार बोल्ट तसेच वर आलेले राहिले आणि पुढं कित्येक दिवस आम्ही त्यांना ठेचकाळत होतो. अण्णा एका शाळेत रखवालदार म्हणून लागले. खाकी सदऱ्याच्या खिशात डावा हात घालून फाटकापाशी बसायचे.

आई मला एकदा म्हणाली, "तुजं काय चुकलं न्हाय. मीच सांगितलं व्हतं." पण हे तिनं मला सांगितलं, त्यांना नाही. मीही नाही. आम्ही दोघींनी ते असंच ठेवलं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका रविवारी अण्णांनी स्वतःच माळ्यावरून पेटी काढली. धूळ झटकली, वायर जोडली. मला हाक मारली.

"आज खरं खेळ," म्हणाले. "न्हायतर बसू नगस."

मी खरं खेळले. एकामागून एक डाव मी जिंकत गेले. मला रडू येत होतं आणि मी बटणं दाबत होते. अण्णा पाठ ताठ ठेवून दांडा फिरवत होते, एकदाही थांब म्हणाले नाहीत. कितव्या तरी डावात त्यांचं मनगट खाली गेलं, तिरपं आलं, पुढं आलं, आणि पैलवानाच्या हातातून आगीचा गोळा सुटला. मला तो चुकवायला जमलं नाही. माझा माणूस आडवा झाला.

अण्णा दांडा धरून तसेच बसले.

"ह्यो खरा?" त्यांनी विचारलं.

"खरा."

"शपथ?"

"खरंच, अण्णा. मला न्हाय चुकवता आला."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी काहीही केलं असतं त्यांना पटावं म्हणून, पण करण्यासारखं काही नव्हतं. मग ते म्हणाले, "असंल," आणि वायर काढून गुंडाळायला लागले.

त्या वर्षी मी दहावीला होते. निकाल लागला तेव्हा त्यांच्या शाळेच्या फाटकापाशी जाऊन मी त्यांना सांगितलं, अण्णा, पास झाले, चांगले मार्क पडले. पूर्वी मी नुसतं सांगितलं की त्यांना पुरायचं. माझं प्रगतिपुस्तक त्यांनी कधी उघडून बघितलं नव्हतं, सही करताना सुद्धा. त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला. निकालाचा कागद घेतला, खिशातून चष्मा काढला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत बोट ठेवून वाचला.

"चांगलं हाय," मग म्हणाले.