चेकोस्लोव्हाकियाची बारकी

इथले सगळ्यांचे भुताटकीचे अनुभव मी दुपारी फोनवर चष्मा लावून वाचत असते, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा मनात म्हणते... बाई ग, तुला पित्त झालं असेल. मी भूतखेत मानत नाही. घरात कोणाला ताप आला की मीठ-मोहरी ओवाळते, पण ती सवय झाली, विश्वास नव्हे. माझी शाळा दहावीपर्यंतच. पुढचं जे काय आलं ते वाचून वाचून आलं, म्हणून लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही जबलपूरचे. दीक्षितपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो — मी, माझा मुलगा अमोल आणि सून रश्मी. रश्मी हिंदी घरातली. मराठी सगळी समजते तिला, बोलते मात्र हिंदीत. आणि माझा धाकटा भाऊ विनू, तो मागच्या गल्लीत एकटा राहतो. लग्न केलं नाही, सरकारी नोकरीतून रिटायर झाला, दुपारचं जेवण आटोपलं की रोज आमच्याकडे. अगडबंब देह, अंगात शुगर, आणि हातात कमानिया गेटवरून आणलेली खोव्याच्या जलेबीची पुडी. मी रागावले की म्हणणार, "ताई, काहून बोलून राहिली? तुझ्यासाठीच तर आणली." मग स्वतःच संपवणार.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अमोलचा लहानपणचा टीव्ही-गेम निघाला. मी भंगारात टाकायला काढला, तर विनू म्हणे थांब. त्यानं कॅसेटमध्ये फुंकर मारली, वायरी खोचल्या, आणि लागला की हो. बर्फावरची हॉकी. पांढरं मैदान, पायात चाकू बांधल्यासारखे घसरत जाणारे खेळाडू, आणि चेंडूच्या जागी काळी चकती. सुरुवातीला देश निवडायचा असतो. त्यातले दोन देश तर आता नकाशावर नाहीत. विनूनं त्यातलाच एक घेतला, चेकोस्लोव्हाकिया. म्हणे, "बिचाऱ्यांना आता दुसरं कोण खेळवणार?"

त्या गेममध्ये खेळाडूही आपणच निवडायचे. बारीक, मध्यम नाहीतर लठ्ठ, असे चार. विनूनं लगेच नावं ठेवली. "हा ढोल्या म्हणजे मी. ही बारकी काडी म्हणजे ताई. मधले दोघं अमोल आणि सूनबाई, कोण कोणता ते त्यांचं ते ठरवतील." मी विचारलं, "आणि गोलकीपर?" तर भिंतीवरच्या आमच्या ह्यांच्या फोटोकडे हात करून म्हणे, "भाऊजी. जिवंतपणी घर सोडलं नाही, आता नेट सोडत नाहीत." रश्मी इतकी हसली की चहा सांडला.

बटणं दाबायच्या दोन पॅडांपैकी एक उंदरानं कुरतडलेलं होतं, म्हणून आम्ही आळीपाळीनं खेळायचो. समोरची टीम गेम स्वतः खेळवायचा. मलाही नाद लागला, खोटं कशाला बोलू. मध्यंतरात बर्फावर पोछा मारणारी गाडी फिरते, ती मला फार आवडायची. आणि त्यात मारामारी होते. दोघं भिडले की पटापट बटण दाबायचं, नाही दाबलं की आपला माणूस मार खातो. मार खाल्लेल्याला मैदानाबाहेरच्या कठड्यात नेऊन बसवतात. थोडा वेळ बसतो, मग आपला आपण उठून येतो. तोवर टीम एका माणसानं कमी.

एकदा आमच्या मधल्यांपैकी एकाला बसवलं. आम्ही हसत होतो, तेवढ्यात रश्मीचा ऑफिसातून फोन. "मम्मीजी, मैं लिफ्ट में फँस गई हूँ." मी घाबरले. तिला धीर देते आहे तोच इकडे तो खेळाडू उठून मैदानात आला, आणि तिकडे ती म्हणाली, "अच्छा, चल पड़ी, चल पड़ी." विनू म्हणे, "बघ ताई, पेनल्टी संपली सूनबाईची." हसण्यावारी गेलं. तुमच्याही घरी हसण्यावारीच गेलं असतं.

नंतर एका दुपारी पॅड माझ्या हातात होतं. ढोल्या कोणाशी तरी भिडला. विनू शेजारी दिवाणावर बसून ओरडतो आहे, "दाब ना बटण, मार खाऊन राहिलो मी तिथं." मला हसू आवरेना, बोट भलतीकडेच पडत होतं. ढोल्या पडला, त्याला नेऊन कठड्यात बसवलं. विनू म्हणाला, "घ्या... बसवलं मला." त्यानंतर काही बोलला नाही.

मी वळून पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेला, जलेबी हातात तशीच, आणि डोळे मिटलेले. हलवलं, हाका मारल्या. पॅड माझ्या हातून कधी पडलं आणि त्याचं मधलं बटण कसं दाबलं गेलं, मला ठाऊक नाही. ते दाबलं की खेळ असतो तिथंच थांबतो.

हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. शुगर ठीक, डोक्याचा फोटो ठीक, हृदय ठीक. डॉक्टर म्हणाले, "आजी, आम्हालाही कळत नाही. ते उठायला पाहिजेत, पण उठत नाहीत." विनूला मी कडेवर वाढवलेला आहे हो. आई अंथरुणाला खिळलेली, त्याला दूध-भात मी भरवलाय. आणि आता आयसीयूच्या काचेतून त्याच्या नळ्या मोजत बसायची.

दोन-तीन दिवसांनी आंघोळीला आणि कपडे घ्यायला म्हणून घरी आले. जिन्यात शेजारच्या मिश्रा भाभी भेटल्या. म्हणाल्या, "दीदी, अच्छा हुआ आप लोग नहीं थे, रात भर लाइट नहीं थी." मी कुलूप उघडलं... आणि टीव्ही चालू. इतक्या दिवसांत तो बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पण लाइट गेली की तो गेम पहिल्यापासून सुरू होतो, देश निवडण्यापासून. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. तरी पडद्यावर तेच चित्र, थांबलेलं. पांढरं मैदान, अर्ध्यात थबकलेली माणसं, आणि कठड्यात बसलेला ढोल्या.

पिशवी दाराशीच ठेवली. मग पॅड उचललं आणि मधलं बटण दाबलं.

खेळ सुरू झाला. मला वाटलं, आता थोड्या वेळात उठेल. नाही उठला. वरचं घड्याळ पुढं सरकतंय, चकती इकडून तिकडे जातेय, आणि हा बसूनच. मी मोठ्यानं म्हणाले, "विनू, ऊठ रे." रिकाम्या घरात माझाच आवाज मला कसातरी वाटला.

तेवढ्यात समोरचा एक दांडगा माझ्या काडीला भिडला. मी काही ठरवलं होतं असं नाही सांगत. बोट बटणावर होतं. ते मी उचलून घेतलं. काडी पडली, तिला नेऊन कठड्यात ढोल्याशेजारी बसवलं. आणि ढोल्या उठला. उठून बर्फावर गेला.

फोन वाजला तेव्हा मी पडद्याकडेच पाहत होते. रश्मी रडत होती की हसत, कळेना. "मम्मीजी, मामाजी ने आँखें खोल दीं. आपको पूछ रहे हैं."

मी तिथून हलले नाही. म्हटलं, काडी उठू दे, मग जाऊ. पण अमोल मला न्यायलाच निघालेला, तो धडाधड जिना चढून आला. "आई, चल, मामा उठले. आणि हे काय लावून बसलीस?" मी म्हटलं, "अरे थांब जरा, मी अजून आत आहे." "काय आत? ऑटो उभी आहे खाली." आणि त्यानं प्लग काढला.

विनू ठणठणीत होऊन घरी आला. त्याला सगळं सांगितलं. वाटलं थट्टा करेल. केली नाही. कॅसेट लावली, तोच देश, तेच चार खेळाडू. सामना सुरू झाला तर मैदानात तिघंच, आणि काडी पहिल्यापासून कठड्यात. शेवटची शिटी होईपर्यंत उठली नाही. मग तो रोज येऊन ढोल्याला मुद्दाम मार खायला लावायला बघायचा आणि मी त्याच्या हातून पॅड हिसकायची. "ताई, माझी जागा आहे ती, तू काहून बसून राहिली?" "गप बैस. जलेबी खा." शेवटी कॅसेट मी लपवली. कुठं, ते इथंही लिहीत नाही.

आता घरातलं सांगते. रश्मी चहा करते, कप मांडते, माझा नसतो. माझा कप कुठं, म्हटलं की दचकते, "अरे मम्मीजी, आप यहीं थीं?" अमोल बाहेर जाताना कुलूप लावून गेला, मी आत स्वयंपाकघरात. दारावरचा भाजीवाला माझ्याशी बोलता बोलता पुढच्या दाराशी जातो. म्हातारपणी असंच होतं, हे मलाही कळतं. म्हाताऱ्या बाईला घरात कोण धरतं मोजणीत? तसंच असेल. मी स्वतःला हेच सांगत होते.

पण परवा विनू आला, दिवाणावर बसला, पुडी सोडली आणि आत आवाज दिला, "सूनबाई, ताई दिसून नाही राहिली. कुठं गेली?"

मी त्याच्या शेजारीच बसले होते. त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्यानं मान वळवून पाहिलं. पण लगेच नाही.

याचा अर्थ मला लागलेला नाही. लावायचाही नाही. विनू खातो-पितो, जिना चढून येतो, मला तेवढंच हवं होतं. फक्त तुमच्यापैकी कोणी हे वाचलं असेल तर खाली दोन शब्द लिहा. काय लिहिता त्याला महत्त्व नाही.